जिप्सीचा जमाखर्च

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ मोटारीविषयी आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारला जातो. रंग, वेग आणि आराम नंतर येतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात मात्र या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर दिशाभूल करते. ते का, हे इथल्या सफारीत वर्षानुवर्षे चाललेल्या मारुती जिप्सीच्या आधाराने समजून घेता येते.

जिप्सी १९८५ साली भारतात आली, तेव्हा तिला ९७० सीसीचे इंजिन होते. पुढे १९९६ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन आले आणि २००० च्या सुमारास त्याची शक्ती ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. वजन हजार किलोच्या आसपास, दोन दारे, खाली कमानपाटे आणि गरज पडल्यास चारही चाकांना जोर देण्याची सोय. कागदावर ही माहिती एखाद्या छोट्या स्पोर्ट्स मोटारीसारखीच वाटते. गोव्यात तयार झालेली दोन आसनी सॅन स्टॉर्मही अशीच हलकी होती आणि तिचे रेनॉचे इंजिन ११४९ सीसीचे होते. मग इंधनाच्या बाबतीत दोघींत फरक कुठे पडतो?

मोटार पुढे जाताना तिला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात, हवा आणि रस्ता. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ६० वरून २० वर आला की तो नवव्या हिश्शावर येतो. म्हणून बुटकी, निमुळती कूपे महामार्गावर पेट्रोल वाचवते, आणि उघडी, चौकोनी जिप्सी तिथे ते खाते. पण जंगलात गाडी ताशी वीसच्या आतबाहेर चालते. तिथे आकाराचा फायदा जवळपास उरतच नाही.

उरतो तो रस्ता. डांबरावर चाक सहज फिरते. मुरूम, भुसभुशीत माती आणि नाल्यातली वाळू यांवर तेच चाक रुतत, दबत पुढे सरकते. हा अडथळा डांबराच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो आणि वजनाच्या प्रमाणात वाढतो. सहा पर्यटक, मार्गदर्शक आणि चालक बसले की हजार किलोची गाडी दीड हजारांवर जाते. धक्के कमी बसावेत म्हणून टायरमधली हवा कमी ठेवली, तर त्यात आणखी भर पडते.

तिसरे कारण इंजिनाच्या आत आहे. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात घर्षणापायी थोडे इंधन खर्ची पडतेच. दुसऱ्या गिअरमध्ये एक किलोमीटर कापायला पाचव्या गिअरच्या दुपटीहून जास्त फेरे लागतात. शिवाय पेट्रोल इंजिन अर्धवट ताकदीवर चालताना त्याची कार्यक्षमता घसरते. त्यामुळे ‘हळू चालवा, पेट्रोल वाचेल’ हा महामार्गावरचा सल्ला इथे लागू पडत नाही. गाडी उभी असताना इंजिन चालू राहिले, तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल एक मीटरही न हलता जाते. सांबराचा किंवा वानराचा इशारा ऐकायला चालक इंजिन बंद करतो, तेव्हा कानाबरोबर खिशाचीही सोय होते.

आता आकडे मांडू. ते गणितापुरते धरलेले आहेत. वाचकांनी आपले घालून पाहावेत. एक फेरी ५० किलोमीटरची, पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि जंगलातले ॲव्हरेज ८ धरले, तर फेरीला सव्वासहा लिटर, म्हणजे ६२५ रुपये लागतील. चांगल्या देखभालीने ॲव्हरेज १० वर नेले, तर ५०० रुपये. वाचले १२५.

पण गाडीचा हप्ता, विमा, परवाना, फिटनेस हा खर्च गाडी उभी असली तरी चालू असतो. तो वर्षाला १,२०,००० धरू. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते. उरलेल्या २७३ दिवसांतून दर मंगळवारच्या सुट्टीचे ३९ दिवस वजा केले की २३४ दिवस राहतात. सकाळ-संध्याकाळ धरून फार तर ४६८ फेऱ्या. प्रत्यक्षात एवढ्या कुणालाच मिळत नाहीत, कारण गाड्या पाळीने लागतात. ४०० फेऱ्या मिळाल्या तर स्थिर खर्च फेरीला ३०० रुपये पडतो. २०० मिळाल्या तर ६००. म्हणजे फेऱ्या निम्म्या झाल्या की प्रत्येक फेरीमागे ३०० रुपयांचा बोजा वाढतो, आणि ॲव्हरेज सुधारून वाचलेले १२५ त्यात कुठल्या कुठे जातात. मोहर्ली किंवा कोलाऱ्यातल्या कर्जावर गाडी घेतलेल्या कुटुंबाचे वर्ष पेट्रोलपेक्षा या पाळीवर जास्त अवलंबून असते. बफर क्षेत्रात पावसाळ्यातही होणाऱ्या फेऱ्यांचे महत्त्व यातच आहे.

शेजारच्या गडचिरोलीत हिशेब पुन्हा बदलतो. १९८२ मध्ये चंद्रपुरापासून वेगळा झालेला हा जिल्हा उभा लांबलचक आहे. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून दूर. तिथे गाडी दिवसभर धावते, म्हणून किलोमीटरमागचे पेट्रोल खरोखर महत्त्वाचे ठरते. सुरळीत डांबर मिळाले तर तीच जिप्सी चांगले ॲव्हरेज देते. खड्ड्यांच्या रस्त्यावर पेट्रोलबरोबर कमानपाटे आणि बुशही मोजावे लागतात.

नव्या सुरक्षा व प्रदूषण नियमांच्या तोंडावर जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. जुन्या गाड्या झिजतील तसा पर्याय शोधावाच लागेल. विजेची गाडी या कामाला स्वभावतः जुळते. ती उभी असताना जवळपास काही खात नाही, कमी वेगात तिची कार्यक्षमता टिकते आणि आवाजही करत नाही. ५० किलोमीटरच्या फेरीला दहा-अकरा युनिट वीज धरली, तर युनिटला १० रुपये दरानेही खर्च शंभराच्या थोडा वर जाईल. पेट्रोलच्या तुलनेत फेरीमागे पाचशेएक रुपये वाचतील. ४०० फेऱ्यांना वर्षाचे दोन लाख, २०० फेऱ्यांना एक लाख. महागड्या गाडीचा वाढीव हप्ता दीड लाख असेल, तर पहिला मालक फायद्यात आणि दुसरा तोट्यात जाईल.

म्हणून जंगलातल्या गाडीबद्दल ‘ॲव्हरेज किती?’ याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: रस्ता कसला, आणि वर्षाला फेऱ्या किती? नवी गाडी कोणती असावी हे ठरवताना, किंवा तिच्यासाठी कर्ज देताना, फेऱ्यांचे हे गणित आधी मांडले नाही, तर वाचलेल्या पेट्रोलाचे पैसे हप्त्यात जातील आणि मालकाच्या हाती काही उरणार नाही.