ईयोबाचे मित्र बोलू लागले तेव्हा

वेदनेचा अर्थ : लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण ईयोबाला राखेत बसलेला सोडलं होतं. गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर फोड उठले. भेटायला आलेले तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते भुईवर बसून राहिले. माझ्या मते त्यांचं तेवढंच बरोबर होतं. पुढे ते बोलू लागले आणि सगळं बिघडलं. देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तुझ्या हातून पाप घडलेलं असणारच, असा त्यांचा हिशेब. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. देवाशी भांडणारा ईयोब खरा ठरतो आणि देवाची वकिली करणारे खोटे पडतात.

हा हिशेब यवतमाळला नवा नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांवर तशीच वेळ आली. पारावर मात्र ऐकू येतं : पीत असेल, लग्नात उधळलं असेल, मागच्या जन्माचं असेल. चर्चमध्ये याचंच सोवळं रूप भेटतं : विश्वास कमी पडला. कापसाचा भाव आणि सावकाराचं व्याज या हिशेबात येतच नाही.

जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं : पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात ही गोष्ट आहे. येशू दोघांनाही दोषातून मोकळं करतो आणि लगेच मातीत थुंकून चिखल कालवतो, आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो. ‘कोणामुळे’ हा प्रश्न सोडून तो ‘आता काय करायचं’ याकडे वळतो. ख्रिस्ती श्रद्धेत दुःखाला अर्थ येतो तो इथून पुढे.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य याच वाटेचं. १८७० च्या दशकातल्या उपासमारीत आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. म्हणून दुष्काळ बरा होता, असं मात्र कोणी म्हणू नये. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तेव्हाही ते दुःख दुःखच होतं.

१९ मार्चला करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ राज्यभर अनेक जण अन्नत्याग करतात. त्याचा कुठल्याही धर्माशी संबंध नाही. पण ईस्टर २२ मार्चच्या आधी कधीच येत नाही, त्यामुळे ही तारीख दरवर्षी आपल्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातच पडते. यवतमाळच्या मंडळ्यांनी त्या दिवशी उपास जरूर करावा. पण त्याआधी अशा एखाद्या घरी जावं, काही न समजावता बसावं, आणि निघताना बँकेचे कागद, मुलांची फी, पेरणीचं बियाणं यांपैकी एक काम अंगावर घेऊन यावं.

(पुढील लेखांकात : पौलाच्या देहातला काटा)