अकीक शोधायचाय? नदीला विचारा!

'अ‍ॅगेट' म्हटलं की आपल्याला ज्वेलरी शॉप आठवतं. मराठीत त्याला अकीक म्हणतात, आणि तो चक्क आपल्या दख्खनच्या मातीत सापडतो! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि थरावर थर बसून पट्टेदार अकीक तयार झाला.

मग शोधायचा कुठे? काळा खडक फोडत बसू नका. बेसाल्ट झिजून त्याची माती होते. अकीकाची हार्डनेस मात्र मोह्ज स्केलवर ६.५ ते ७, त्यामुळे तो उरतो आणि नदी त्याला वाहून नेते. म्हणून गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या वळणांवर आतल्या बाजूला बघा. तिथे पाण्याचा वेग कमी होऊन गोटे साचतात. पावसाळ्यानंतर, पाणी ओसरल्यावर गेलात तर बेस्ट. गोटा ओला करून उन्हात धरा. पट्टे दिसले, कडेतून उजेड आला आणि चाकूने ओरखडा उठला नाही, तर काम फत्ते!

एक लक्षात ठेवा, आपल्याआधीही कुणीतरी हे दगड वेचलेत. प्रवरेकाठी नेवाशाला अश्मयुगीन माणसाने अशाच दगडांची हत्यारं बनवली होती. ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ मध्ये तिथे उत्खनन केलं. त्यामुळे कडा मुद्दाम छिललेला, धारदार तुकडा दिसला तर फोटो काढा, जागा टिपून पुरातत्त्व विभागाला कळवा, पण उचलू नका. जागेवरून हलला की त्याची अर्धी माहिती गेलीच. गोल गोटे मात्र खुशाल वेचा!