साखरेची लेस

केकच्या कडेची नाजूक जाळी विणलेली नसते. सिलिकॉनच्या नक्षीदार मॅटवर घडवलेली असते. साखर, कॉर्नस्टार्च, टायलोज पावडर, ग्लिसरीन आणि पाणी यांचं दाटसर मिश्रण पॅलेट नाइफने खाचांत दाबून भरायचं आणि वरचं जादा खरवडून काढायचं. इथे आळस केला, की जाळीची भोकं बुजलीच म्हणून समजा. मग 70-80 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये साधारण 10-15 मिनिटं. काढताना तुटली तर जास्त वाळली, मॅटला चिकटली तर ओली. ग्लिसरीनमुळे लेस वाकते. पण तेच हवेतली ओल ओढतं, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात तिचं काही खरं नाही. फॉन्डंटवर किंचित पाण्याचा हात लावून चिकटवावी. व्हिप्ड क्रीमवर मात्र ऐनवेळीच लावा, नाहीतर विरघळते. चव? नुसती गोड.