सूक्ष्मशैवाल उत्पादनाची सैद्धांतिक मर्यादा

एखाद्या ठिकाणच्या सूर्यप्रकाशावर जैवइंधनासाठी जास्तीत जास्त किती सूक्ष्मशैवाल वाढू शकेल, याच्या अंदाजास सूक्ष्मशैवाल उत्पादनाची सैद्धांतिक मर्यादा म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर येथे वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर दिवसाला सुमारे २० मेगाज्यूल सौर ऊर्जा पडते. तिच्यातील जेमतेम ४५ टक्के प्रकाश प्रकाशसंश्लेषणास उपयोगी असतो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधण्यास किमान ८ प्रकाशकण लागत असल्याने त्याचाही साधारण चौथा हिस्साच, म्हणजे सव्वादोन मेगाज्यूल, शैवालात साठू शकतो. एक किलो सुक्या शैवालात २२ मेगाज्यूल ऊर्जा धरल्यास कमाल उत्पादन दिवसाला सुमारे १०० ग्रॅम येते. याहून बरेच अधिक उत्पादन सांगणारा दावा हिशेबातच बसत नाही. दुपारच्या प्रखर उन्हातील सगळा प्रकाश पेशींना वापरता येत नाही, रात्री श्वसनात साठा खर्च होतो. त्यामुळे खुल्या तळ्यांत १५ ते २५ ग्रॅम मिळाले तरी ते चांगले मानले जाते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना हे नीलहरित शैवाल आढळते. मात्र त्यात प्रथिने भरपूर आणि तेल अल्प, म्हणून इंधनासाठी ते फारसे कामाचे नाही. मराठवाड्यात ऊन मुबलक असले तरी खुल्या तळ्यातून वर्षभरात जितके पाणी वाफ होऊन जाते, तितका पाऊस तेथे पडत नाही. ही तूट वरील हिशेबात धरलेली नाही.