कन्या प्रशालेचा जमाखर्च

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावी मुलींच्या प्रशालेचे वर्ष दोन पंचांगांनी चालते. चाचण्या, सत्रान्त परीक्षा आणि सुट्ट्या ज्यात आधीच मुक्रर झालेल्या असतात ते एक शासनाचे. आणि कोठेही छापलेले नसून पाचवीतल्या मुलीलाही तोंडपाठ असते ते दुसरे, मुलींचे. नागपंचमीला हातावर मेंदी चढते, सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनासाठी गणवेशाला इस्त्री होते. पुढे मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, सारे गाव भज्जी आणि आंबील घेऊन शिवारात जाते. त्याच सुमारास आनंदनगरी आणि स्नेहसंमेलन यांची लगबग सुरू होते, तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती येते, आणि परीक्षेच्या तोंडावर नववीच्या मुली दहावीला निरोप देतात.

या रिवाजांकडे करमणूक म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. परंतु ज्या मुलुखात 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता, जेथे शाळांची तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशी प्रतवारी होती आणि वरच्या इयत्तांचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून चाले, त्या मुलुखातील शेतकरी घरांतून कितीशा मुली शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचत असतील, याचा विचार केला म्हणजे त्यांचे मोल ध्यानात येते. लग्नकार्य आणि हळदीकुंकू यांपलीकडे चारचौघांत वावरण्याचे प्रसंग स्त्रीच्या वाट्याला क्वचितच येत, आणि तेथेही ती नवरी, सून किंवा सवाष्ण म्हणूनच उभी असे. पैसा हाताळणारी, निर्णय घेणारी आणि घेतलेल्या निर्णयाचा जबाब देणारी कारभारीण म्हणून मुलगी जेथे उभी राहते, ती जागा या वार्षिक रिवाजांनी निर्माण केली आहे.

आनंदनगरीच्या दिवशी प्रशालेच्या पटांगणात बाकांची दुकाने मांडली जातात. भेळ, पाणीपुरी, ताक, शेंगदाण्याचे लाडू असे जिन्नस एकामागून एक दिसू लागतात. पण खरे शिक्षण पाहायचे तर गिऱ्हाइकाच्या बाजूने न पाहता बाकामागे जाऊन उभे राहावे. धपाटे आणि दही विकणाऱ्या पाच मुलींच्या दुकानामागे मी बराच वेळ उभा होतो. चौघींनी प्रत्येकी दीडशे रुपये घालून सहाशेंचे भांडवल उभे केले होते. पाचवीला रोख रक्कम आणणे शक्य नव्हते, म्हणून तिने घरची ज्वारी दळून पीठ आणले आणि पहाटे उठून आईबरोबर धपाटे थापले. दोन धपाटे, वाटीभर दही आणि चिमूटभर चटणी यांचा भाव वीस रुपये ठरला. शिक्षकांनाही उधारी नाही, हा नियम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून बाकाला टांगला होता. मुख्याध्यापिकाबाई आल्या, तेव्हा पैसे मागावेत की न मागावेत या संकोचाने क्षणभर साऱ्याजणी थबकल्या. परंतु गल्ला सांभाळणाऱ्या मुलीने "बाई, वीस रुपये" असे नम्रपणे सांगितले, आणि बाईंनीही ते तितक्याच गांभीर्याने मोजून दिले.

पन्नास ताटल्या संपल्या, गल्ल्यात हजार रुपये जमले, आणि मग वाटणीचा प्रश्न उभा राहिला. जिने भांडवल घातले नाही तिला नफ्यात वाटा कसा, असे एकीने विचारले, त्यावर दुसरी चटकन म्हणाली, "पीठ तिचं, थापलंबी तिनंच, मग तिला कमी का म्हणून?" शिक्षिका जवळच होत्या, पण त्या मध्ये पडल्या नाहीत. बऱ्याच मसलतीनंतर मुलींनी आधी चौघींचे सहाशे परत केले, पिठाची किंमत बाजारभावाने ऐंशी रुपये धरून ती पाचवीला दिली, आणि उरलेल्या तीनशे वीसचे पाच सारखे भाग करून प्रत्येकीच्या हाती चौसष्ट रुपये ठेवले. पुस्तकातील भागीदारीच्या उदाहरणात भांडवल आणि मुदत यांचाच विचार असतो. श्रमाचा वाटा कसा धरावा हे त्या उदाहरणाने न शिकवलेले गणित या मुलींनी स्वतःच मांडले, आणि ते न्यायाने सोडवले.

हाच कारभार निरोप समारंभात अधिक प्रौढ रूप धारण करतो. येथे यजमानपण नववीकडे असते. वर्गणी किती असावी, जिला ती देणे जड जाईल तिची लाज न निघता तिचे नाव यादीत कसे राहावे, अल्पोपाहार काय असावा, आभार कोणी मानावेत, या साऱ्याची तजवीज त्याच करतात. आईची साडी नेसून आलेल्या दहावीच्या मुली शाळेला भेटवस्तू देतात, भाषणे करतात, रडतातही. परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो परिपाठाच्या वहीचा हवाला. सुविचार, दिनविशेष आणि बातम्या कोणत्या वारी कोणी वाचायच्या याची नोंद असलेली ती वही दहावीची प्रमुख नववीच्या मुलीकडे सोपवते, आणि कोणत्या मुलीला व्यासपीठाची भीती वाटते, तिला आधी लहान बातमी द्यावी, असे बारकावेही सांगते.

हे बारकावे कोणत्याही शासकीय परिपत्रकात सापडत नाहीत. ते एका इयत्तेकडून दुसरीकडे केवळ तोंडी जातात. दहावीनंतर यांतील कितीतरी मुलींचे पुढील शिक्षण घरच्या परिस्थितीवर, गावाबाहेर जाणाऱ्या एस.टी.च्या वेळेवर आणि वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहणार असते. अशा वेळी चार माणसांत उभे राहून हिशेब मागण्याची आणि देण्याची ही सवयच त्यांच्या स्वतःच्या मालकीची ठरते. म्हणून माझी विनंती एवढीच की, आनंदनगरीचे ताळेबंद, वर्गणीच्या याद्या आणि परिपाठाच्या वह्या वर्षअखेरीस रद्दीत न घालता प्रत्येक प्रशालेने निकालपत्रकांच्या शेजारी दप्तरात दाखल करून घ्याव्यात. मुलींनी काय पाठ केले याची नोंद आपण ठेवतोच. त्यांनी काय चालवले, याचीही नोंद असली पाहिजे.