आधी कोणतं लॉक?

लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये दोन लॉक हमखास भेटतात: सगळ्या नेटवर्क व्यवस्थेचं सामाईक 'आरटीएनएल' आणि ड्रायव्हरचं स्वतःचं म्युटेक्स. इंटरफेस बंद करताना कर्नल आरटीएनएल घेऊनच ड्रायव्हरकडे येतो, मग ड्रायव्हर म्युटेक्स मागतो. त्याच वेळी अडकलेलं कार्ड रीसेट करणाऱ्या कामाने आधी म्युटेक्स घेऊन मग आरटीएनएल मागितलं, की दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. प्रोसेसर निवांत, पण इंटरफेस चालू-बंद करणारी प्रत्येक आज्ञा लटकलेली. तिलाही तेच आरटीएनएल हवं असतं.

दोन्ही वाटांवर क्रम एकच ठेवला, की हे सुटतं. खरी मेख पुढे आहे. बंद करणारा कोड आरटीएनएल धरूनच रीसेटचं काम रद्द करायला जातो आणि ते संपेपर्यंत थांबतो; ते काम मात्र आरटीएनएलसाठी खोळंबलेलं! इथे क्रम बदलून भागत नाही. रीसेटने आरटीएनएल 'ट्रायलॉक'ने, म्हणजे वाट न पाहता, मागावं आणि मिळालं नाही तर स्वतःला पुन्हा रांगेत लावून बाहेर पडावं. रद्द होत असलेलं काम कर्नल रांगेत घेत नाही, त्यामुळे गाठ सुटते.

अशा गाठी शोधायला इंगो मोल्नार यांचं 'लॉकडेप' २००६ साली, २.६.१८ आवृत्तीत आलं. यंत्र गोठलं नाही तरी, उलटे क्रम वेगवेगळ्या वेळी एकेकदा दिसले एवढ्यावरच ते बोंब मारतं. वेग खातं, म्हणून ते चाचणीच्या कर्नलमध्येच चालू ठेवतात.