गाडी कोल्हापूरची, पासिंग चिकोडीचं

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट लांब. साहजिकच नवी गाडी बघायची म्हटली की निपाणीकराची पावलं कोल्हापूरच्या शोरूमकडे वळतात. खरी गंमत पुढे आहे. शोरूम कुठलंही निवडा, पासिंग मात्र ज्या राज्यात राहता किंवा धंदा करता तिथलंच. म्हणून तात्पुरत्या नंबरची गाडी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडते आणि चिकोडीला जाऊन केए २३ होते. बेळगावची केए २२, नाक्यापलीकडची एमएच ०९. इथली पोरं नंबरप्लेटवरून माणसाचं गाव ओळखतात.

आता खिशाचं बघू. ९ लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्राच्या ११ टक्क्यांनी रोड टॅक्स होतो ९९ हजार. कर्नाटकाच्या १४ टक्क्यांनी १ लाख २६ हजार, वर उपकर वेगळा. गाडी १२ लाखांची असेल तर १२ विरुद्ध १७ टक्के, म्हणजे थेट ६० हजारांचा फरक! मग नाक्यापलीकडच्या कागलच्या मामाचा पत्ता लावायचा मोह होतो. करू नका. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो, आणि टॅक्सही नव्याने मागे लागतो.

पेट्रोलचं नेमकं उलट. कर्नाटकात दर कमी, म्हणून टाकी फुल करायला एमएच ०९ वाले नाक्याच्या अलीकडे येत आले. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला, पेट्रोल लिटरमागे ३ रुपयांनी महागलं आणि या फेऱ्यांतला फायदा बराच आटला.

विजेच्या गाडीने हे सगळं गणितच फिरवलं. कर्नाटकाने २०१६ पासून तिचा रोड टॅक्स माफ केला. २०२४ मध्ये १० टक्के लावला तोही २५ लाखांवरच्या गाड्यांना. म्हणजे ज्या १२ लाखांच्या पेट्रोल गाडीला २ लाख ४ हजार, तेवढ्याच किमतीच्या इलेक्ट्रिकला २०२४ च्या त्या बदलानंतरही शून्यच राहिला. जीएसटीही ५ टक्के, ऑगस्ट २०१९ पासून. मात्र २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि दोघींतलं अंतर घटलं, हेही हिशेबात धरा.

बेळगावहून निपाणीकडे येताना तवंदीचा घाट लागतो. तिथे इलेक्ट्रिक गाडीत बसून बघाच. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट जनरेटरचं काम करते, गाडी आपोआप आवरते आणि उतरता उतरता थोडी वीज बॅटरीत परत जमा होते. चोर्ल्यातून गोव्याकडे उतरताना तर आणखी मजा.

तरीही घरात पहिला प्रश्न येतो, ‘हिचा मिस्त्री कोण?’ मारुती ८०० रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ ला, आणि तेव्हापासून ‘मारुतीच घे बा’ हा सल्ला घरोघरी मुरला. त्यामागे भाबडेपणा नाही. पार्ट कोपऱ्यावर मिळतो, मिस्त्री ओळखीचा, विकताना किंमत येते. नव्याला नाकं मुरडणं मात्र जुनंच. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली! आज त्यांच्या नावाचा रस्ता बेळगावात आहे. बॅटरीच्या गाडीबद्दलच्या शंका ऐकताना मला हे हमखास आठवतं.

बॅटरी भाड्याने घेता येते, माहीत आहे? एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर आणली ती बॅटरीशिवाय ९.९९ लाखांना, बॅटरीचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. महिन्याला १५०० किलोमीटर फिरलात तर ५,२५० रुपये, चार्जिंग वेगळं.

आणि कर्ज. ‘फक्त ७ टक्के’ ऐकून लगेच सही करू नका, तो फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेला, आहे का ते विचारा. ५ लाखांवर ५ वर्षं ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज पावणेदोन लाख, हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. हप्ता महिन्याचा आणि उसाचं बिल हंगामाचं, तेव्हा सहामाही हप्ता जमतो का हेही आधीच बोलून घ्या.

शेवटचा हप्ता फिटला की आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावं लागतं. गाडी नाक्यापलीकडे विकायची असेल तर आरटीओची एनओसी वेगळी, फॉर्म २८ वर. हे राहून गेलं की कोल्हापूरचं गिऱ्हाईक हातचं जातं.